आधी तपासा, मग गॅस भरा : एसी मेकॅनिक भावांना खुले पत्र

मंगरूळपीर, जि. वाशीम

वऱ्हाडातल्या तमाम एसी मेकॅनिक भावांना, भाईंना, दादांना आणि परवा-परवाच हाताखाली लागलेल्या पोरांनाही,

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायचं कारण तुमच्याच तोंडचं एक वाक्य आहे : "ताई, गॅस संपला." एसी थंड करत नाही, गॅस संपला. आतल्या युनिटमधून पाणी गळतं, गॅस संपला. कॉइलवर बर्फ जमला, गॅस संपला. नुसता घर्रघर्र आवाज येतो, तरी गॅसच संपलेला. दुखणी इतकी वेगवेगळी आणि औषध मात्र एकच!

हे पत्र भांडणाचं नाही. मे महिन्याच्या दुपारी टिनावर चढून तापलेल्या युनिटला हात घालणाऱ्या माणसाशी भांडायची माझी छातीही नाही आणि इच्छाही नाही. पण समोरासमोर बोलायला जावं तर तुम्ही घाईत असता, मी उकाड्यानं कावलेली असते. म्हणून निवांत लिहिते आहे. उन्हाळा सरल्यावर वाचलंत तरी चालेल.

आधी हे सांगते, की आमच्याकडे एसी ही आता मिरवायची वस्तू राहिलेली नाही. ज्या अकोला जिल्ह्यातून १९९८ साली आपला वाशीम जिल्हा वेगळा निघाला, त्या अकोल्यात मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि प्रशासनाला चक्क उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं. ते ऊन जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही. आमच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत खाली आग ओततो. त्यांच्या खोलीतला एसी बंद पडला, तर ती आमच्या घरची अडचण असते, हौस नव्हे. मंगरूळपिरातच नव्हे, शेलूबाजार, मानोरा, कारंजा कुठंही जा, ज्या घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल आहे तिथं हेच ऐकायला मिळेल.

दुसरी गोष्ट कूलरची. वऱ्हाडातलं प्रत्येक घर कूलरचं मेकॅनिक आहे. होळी झाली की कूलर माळ्यावरून उतरतो, जुन्या ताट्या फेकायच्या, नव्या बसवायच्या, टाकी घासायची, पंपाच्या जाळीतला कचरा काढायचा, पंख्याला तेल द्यायचं. आमच्या दहावीतल्या पोरालाही हे जमतं. कूलरचं सगळं उघडं असतं. पाणी कुठून चढतं, कुठं थांबलं, डोळ्यांना दिसतं. एसीचं सगळं बंद. दोन डबे, मधे तांब्याची नळी आणि आत काय चाललंय ते फक्त तुम्हाला ठाऊक. म्हणून माझं एकच म्हणणं आहे : यंत्र बंद आहे, तर तुमचं बोलणं उघडं हवं. काय मोजलं, काय दिसलं, काय केलं हे आम्हाला दाखवून करा. बाकीच्या तक्रारी याच एका तक्रारीच्या पोटात आहेत. तरी एकेक सांगते.

पहिली अर्थातच गॅसची. एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा जळून जात नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, आतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, परत येतो. नळी शाबूत असेल तर वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. म्हणजे गॅस खरोखर कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय, बहुधा फ्लेअर नटापाशी, कॉइलच्या बाकात किंवा गंजलेल्या जोडावर. गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे आमचे पैसे हवेत सोडणं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे काय झालं ते सांगते, नाव कुणाचं घेत नाही. एक भाऊ आले. बाहेरच्या युनिटच्या व्हॉल्व्हचं टोपण काढून त्यांनी आतली पिन पेचकसानं दाबली. फुस्स झालं. म्हणाले, "पाहा ताई, प्रेशरच नाई रायलं." ना गेज लावला, ना आतली जाळी उघडली, ना ग्रिलसमोर थर्मामीटर धरला. मी म्हटलं, उद्या बघू. संध्याकाळी मुलानं बाहेरचं युनिट मागून पाहिलं. पातळ पत्र्यांच्या त्या जाळीवर राखाडी गोधडी चढलेली. बोटानं खरवडली तर सोयाबीनच्या मळणीचा फुफाटा, तुरीचं बारीक कुटार आणि वरून कापसाचा पिंजलेला तंतू, सगळं दाबून बसलेलं. मेन स्विच बंद करून त्यानं मऊ ब्रशनं ते झाडलं, साध्या पाण्याच्या हलक्या धारेनं धुतलं. सगळं वाळल्यावर रात्री एसी लावला, तर सासूबाईंनी चादर मागितली.

हे सोयाबीन-कापसाचं गाव आहे, भावांनो. दिवाळीच्या आगेमागे मळणी, पुढे तूर, मग उन्हाळ्यातली वावटळ. इथल्या बाहेरच्या युनिटचा श्वास आधी कोंडतो, गॅस नंतर कमी होतो. एसी थंड करत नाही म्हटलं की पाहायच्या गोष्टी ओळीनं अशा : आतले फिल्टर, आतली कॉइल आणि ब्लोअर, बाहेरची जाळी, बाहेरचा पंखा आणि साध्या मशीनमधला त्याचा कॅपॅसिटर, घरात येणारं व्होल्टेज. हे सगळं ठीक निघालं तर मग गॅस. कॉइलवर बर्फ गॅस कमी झाला तरी जमतो आणि फिल्टर चोंदला तरी जमतो. नुसता बर्फ पाहून निकाल देऊ नका. डॉक्टर ताप मोजल्याशिवाय सलाईन लावत नाही. (काही लावतात, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.)

आणि गॅस भरायचाच असेल तर रीतीनं भरा. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसानं गळती शोधा. नायट्रोजन नाही म्हणून ऑक्सिजनचं सिलिंडर जोडणारेही आहेत, असं ऐकते. कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन यांची गाठ पडली तर स्फोट होतो, आणि तुम्ही त्याच्या समोर बसलेले असता. गळती बुजवली की व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल काढा. "थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलली" हे व्हॅक्यूम नव्हे. आत राहिलेली ओल नव्या गॅसांबरोबरच्या तेलात मिसळते, आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरला आतून खातं. मग दोन वर्षांनी तुम्हीच येऊन सांगता, "कॉम्प्रेसर गेला." भरताना काट्यावर वजन करून भरा. युनिटच्या पाटीवर कोणता गॅस, किती ग्रॅम, हे छापलेलं असतं. इन्व्हर्टर मशीनमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सारखा बदलतो, त्याबरोबर गेजचा काटाही हलतो, तेव्हा एकट्या काट्यावर विसंबून भागत नाही.

"कोणताही गॅस चालतो" हे तर विसराच. जुन्या मशीनमधला आर-२२ ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार जगभर हद्दपार होतो आहे. नंतर आर-४१०ए आला, आता बहुतेक नवी मशीन आर-३२ वर आहेत, काही आर-२९० वर, म्हणजे शुद्ध प्रोपेनवर. प्रत्येकाचा दाब वेगळा, काहींचं तेलही वेगळं. आर-३२ थोडाफार पेट घेतो आणि आर-२९० तर स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. बंद खोलीत विडी ओढत त्यावर काम करणारे मी पाहिलेत. आणि उरलेला गॅस "फुस्स" करून सोडून देता ना, तो एक किलो आर-४१०ए हवा तापवण्याच्या हिशेबात सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. आर-३२ झाला तरी पावणेसातशे किलोंच्या. ज्या उन्हामुळे आपल्या दोघांची गाठ पडते, त्या उन्हात आपणच भर घालतो.

दुसरी तक्रार "सर्व्हिस"ची. फिल्टर काढून नळाखाली धरणं, फडक्यानं वरचं झाकण पुसणं आणि पावती फाडणं याला सर्व्हिस म्हणू नका. फिल्टर दर पंधरा दिवसांनी आम्ही घरीच धुतो. तुमचं काम त्याच्या पुढचं आहे : विजेचे भाग नीट झाकून कॉइल धुणं, ब्लोअरच्या पात्यांत साचलेला काळा थर काढणं, ड्रेनचा ट्रे आणि पाइप मोकळा करणं, बाहेरची जाळी मागून-पुढून साफ करणं. जेट पंपाचा जोर इतका ठेवू नका की पातळ पत्रे मिटून हवेची वाटच बंद व्हावी. आणखी एक इथलीच गोष्ट. आपल्याकडे बहुतेक घरांत बोअरचं जड पाणी. कूलरच्या ताटीवर पांढरा थर धरतो तसाच तो कॉइलवरही धरतो. शेवटची धार तरी गोड्या पाण्याची मारा, बादलीभर पाणी आम्ही देऊ.

ड्रेनवरून आठवलं. मे महिन्यात ड्रेनमधून पाणी पडत नाही म्हणूनही तुम्ही गॅसचं निदान करता. अहो, आपल्या मे महिन्याच्या हवेत ओलच नसते, तर पाणी कुठून पडणार? मृग लागला की तोच पाइप बादली भरतो. मुंबईच्या दमट हवेचा नियम मंगरूळपिराला लावू नका. आणि जी घरं एकाच खोलीत एसीबरोबर कूलरही लावतात, त्यांनाही तुम्हीच समजावा. कूलर हवेत पाणी सोडतो आणि एसी तेच पाणी काढत बसतो.

तिसरी गोष्ट खरं बोलण्याची. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश धरून. बाहेर ४५ असताना तोच दीड टनाचा एसी दीड टनाचं काम करत नाही आणि वीज मात्र जास्त ओढतो. "५२ अंशांतही चालतो" असं खोक्यावर छापलेलं असतं. चालतो हे खरं, पण तितकाच गार करतो असं तिथं लिहिलेलं नसतं. वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेच्या भिंतीच्या खोलीत दुपारी चार वाजता २४ अंश येत नाहीत, तर तो दर वेळी बिघाड नसतो. अशा वेळी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजून दाखवा. सर्वांत कमी तापमानावर पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावर दोहोंत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर सांगा, "ताई, मशीन चांगलं आहे, स्लॅबला पांढरा चुना मारा, खिडकीला पडदा लावा." त्या सल्ल्याचे पैसे घ्या. पण जाताना रिमोट १६ वर लावून "आता पाहा थंडक" असं करू नका. १६ वर ठेवल्यानं हवा जास्त थंड येत नाही, मशीन थांबत तेवढं नाही. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीत मुळातच २४ अंश लावून येतात ते उगाच नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबानं दर अंश वर गेलात की जवळपास सहा टक्के वीज वाचते. २६ वर ठेवून छताचा पंखा हळू सोडला तर आमच्या सासूबाईंचीही तक्रार नसते.

चौथी तक्रार पीसीबीची, म्हणजे एसीतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाची. गॅसनंतर तुमचं दुसरं लाडकं निदान. पीसीबी जातो, मान्य आहे. संध्याकाळी सगळं गाव एसी-कूलर लावतं, व्होल्टेज खाली-वर होतं. बाहेरच्या डब्यात पाल शिरून बोर्डावर चिकटते, मुंग्या वारूळ करतात, उंदीर वायर कुरतडतो. पण आधी व्होल्टेज मोजा, जोड हलवून पाहा, स्क्रीनवर आलेला एरर कोड आम्हाला वाचून दाखवा. बदललाच तर जुना बोर्ड आमच्या हातात द्या, तो आमचा आहे. आणि बिल द्या. "बिल पाहिजे तर जीएसटी लागंल ताई" हे ऐकून कान किटले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांकही आहे. तुमच्याविरुद्ध तो फिरवायची वेळ यावी असं मला मनापासून वाटत नाही.

पाचवी गोष्ट बसवतानाची. उंच भिंतीवर, पश्चिमेच्या उन्हात, तिन्ही बाजूंनी कोंडलेल्या खाचेत बाहेरचं युनिट बसवून देता, ड्रेनच्या पाइपाला उतार देत नाही, तांब्याच्या नळीवरचा फोम अर्ध्यात सोडता. वायर तर घरात जी असेल तीच! वऱ्हाडात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात वाचतो आपण. एसीला स्वतंत्र जाड वायर, योग्य एमसीबी आणि खरी अर्थिंग नसेल तर बसवायला सरळ नकार द्या. गिऱ्हाईक चिडेल, चिडू द्या. त्याचा जीव वाचेल आणि तुमचाही.

सहावी वेळेची. "निघालोच ताई", "शेलूबाजारात हाओ", "पाच मिनिटात येऊन रायलो". हे सगळे एकाच जागेवरून आलेले फोन असतात, हे आम्हाला कळतं. मे महिन्यात तुमच्यावर गावं तुटून पडतात, तेही कळतं. सरळ सांगा, "परवापर्यंत जमत नाही." आम्ही त्या रात्रींची दुसरी सोय करू. त्यापेक्षा माघ-फाल्गुनात, कामं कमी असताना, थोड्या कमी पैशात सर्व्हिस करून द्या. तुमचा एप्रिल हलका होईल आणि आमचाही.

इथं दोन शब्द कंपन्यांना. एसी गावोगाव विकता, तेव्हा दुरुस्तीची माणसंही गावोगाव तयार करा. एक बोर्ड यायचा म्हणजे अकोल्या-अमरावतीची वाट पाहायची. एरर कोडांचा तक्ता मराठीत का देत नाही? कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी मोठ्या अक्षरांत आणि गॅस, मजुरी, येण्या-जाण्याचा खर्च वेगळा हे मुंगीएवढ्या अक्षरांत, हा कोणता न्याय? केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं ठरलं होतं. पेट घेणारे गॅस बाजारात आणल्यावर ते प्रशिक्षण ही कागदावरची गोष्ट उरत नाही, टिनावर चढणाऱ्या पोराच्या जिवाची गोष्ट होते. त्याला हातमोजे, पट्टा, काटा आणि व्हॅक्यूम पंप कोण देणार? बारा महिने कमिशनवर राबणाऱ्या पोरानं हे सगळं पदरचं घ्यावं, अशी अपेक्षा आहे का?

आणि आता माझ्याच जातीच्या गिऱ्हाईकांबद्दल, कारण दोष एकतर्फी नाही. भावांनो, तुम्ही प्रत्येक दुखण्यावर गॅस का सांगता, यावर मी बराच विचार केला. उत्तर आमच्या दारातच आहे. मेकॅनिकनं तासभर तपासून "काही नाही झालं, जाळी चोंदली होती" असं म्हटलं, तर आम्ही त्याच्या हातावर काय ठेवतो? चहा. वर म्हणतो, "काही केलंच नाही, कशाचे पैसे?" पण त्यानं गॅसची टाकी जोडली, काटा फिरवला, की आम्ही मुकाट नोटा मोजतो. नजरेला आम्ही किंमत दिली नाही, टाकीला दिली, म्हणून सगळ्या दुखण्यांचं नाव गॅस पडलं. तेव्हा सौदा असा करू. तपासणीची फी वेगळी, दारात पाऊल टाकतानाच सांगा, बिघाड निघो न निघो आम्ही ती देऊ, घासाघीस न करता. दुपारी बारा ते चार टिनावर चढायला आम्ही लावणार नाही. शिडी धरायला घरातलं माणूस असेल आणि माठातलं पाणी असेल.

त्या बदल्यात एकच कागद मागते. एसीच्या बाजूला चिकटवायचा. त्यावर तारीख, तुमचं नाव, आत-बाहेरच्या हवेचं तापमान, व्होल्टेज, गॅस भरला असेल तर कोणता, किती ग्रॅम आणि गळती कुठं सापडली, बदललेला भाग. खाली सही. पुढच्या वर्षी तुम्ही या की दुसरा कुणी येवो, त्यानं तो कागद वाचून काम सुरू करावं. ज्याचं काम चोख आहे त्याला सही करायला भीती कशाची? उलट तो कागद पाहून शेजारची चार घरं तुम्हालाच बोलावतील. मंगरूळपीर एवढं मोठं नाही की कुणाचं चांगलं काम लपून राहावं, आणि एवढं छोटंही नाही की वाईट काम दुसऱ्या पेठेत पोचू नये.

बिरबलनाथ महाराजांच्या आणि दादा हयात कलंदरांच्या या गावात शब्दावर व्यवहार करणारी माणसं पूर्वीपासून आहेत. तुमच्यातही आहेत, मला माहीत आहेत, त्यांच्या घरी मे महिन्यात फोन थांबत नाही. बाकीच्यांनी त्यांच्यासारखं व्हावं, एवढंच मागणं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक जुनी गिऱ्हाईक
मंगरूळपीर

ता. क. : येत्या फाल्गुनात सर्व्हिसला जो कुणी येईल त्यानं लक्षात ठेवावं. फिल्टर मी धुऊन ठेवलेले असतील. त्याचे पैसे लावू नयेत.